साठ बुशांची माळ

रविवार, ५ ऑगस्ट २००७. सकाळी ६.१०

आजपासून नवीन रोजनिशी. जानेवारीत एक सुरू केली होती. ती चार तारखेलाच इतकी परिपूर्ण झाली की पुढे लिहायची गरज पडली नाही.

काल कळलं की रेवा बायोलॉजीच्या ट्यूशनला जाते. कनका टीचर म्हणून कुणी आहेत, पलीकडच्या गल्लीत. मला पत्ताच नाही. देविकाला विचारलं तर म्हणाली, अहो, सांगितलं होतं की, तुम्ही पेपर वाचत हं हं करत होतात.

वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. दहावीपर्यंत पोरीचं गणित मी घेतलं. कंपनीची बस सोडून घरात पाऊल टाकायचा अवकाश, बाबा हे कसं, बाबा ते कसं. आता बारावी. पुढच्या वर्षी कुठल्या तरी हॉस्टेलला जाईल. आणि बाबाला विचारण्यासारखं आता काही राहिलं नाही, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं!

ते मी होऊ देणार नाही. बायोलॉजी मी दहावीनंतर घेतलं नाही हे खरं. पण घेतलं नाही म्हणजे येत नाही असं नाही.

सकाळी ती झोपलेली असताना तिचं पुस्तक उघडलं. तिला सगळ्यात अवघड जातो तो धडा: जेनेटिक कोडपासून प्रोटीन कसं बनतं. चित्र बघितलं आणि मोठ्यानं हसलो. अहो, ही तर आमची असेंब्ली लाइन! डीएनए म्हणजे मास्टर ड्रॉइंग, ते स्टोअरच्या बाहेर जात नाही. त्याची कॉपी काढतात, तिचं नाव एमआरएनए. कॉपी शॉप फ्लोअरवर येते. तिथं रायबोसोम नावाचं मशीन. कॉपीवर अक्षरं चारच, ए, यू, जी, सी, पण लांबलचक ओळीत. मशीन तीन-तीन अक्षरं वाचतं. दर तीन अक्षरांना एक पार्ट ठरलेला, त्याला म्हणायचं अमायनो ॲसिड. तो आणून देणारा हमाल म्हणजे टीआरएनए. पार्टला पार्ट जोडत गेलं की प्रोटीन. मग 'थांबा' म्हणणारी तीन अक्षरं येतात, की जॉब संपला.

एकवीस वर्षं मी दुसरं काय करतोय? फक्त इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आमच्या लाइनवर गाड्यांच्या सस्पेन्शनचे रबरी बुश, म्हणजे मध्ये भोक असलेल्या जाड कड्या, निघतात, प्रोटीन निघत नाही. एवढाच फरक.

निश्चय: बुधवारपर्यंत धडा संपवायचा. शनिवारी रेवाला शिकवायचा. त्यानंतर कनका टीचरना सभ्य भाषेत निरोप.

रात्री ९.००

जेवताना रेवाला सांगितलं. ती म्हणाली, हं. देविका म्हणाली, दहीभात सरकवा इकडे.

बुधवार, ८ ऑगस्ट

धडा संपला नाही. बसमध्ये वाचायला घेतो आणि पोरूर आलं की डोळा लागतो. पण पहिली दोन पानं पक्की झाली आहेत. पाया पक्का असला की वरचे मजले आपोआप होतात.

शनिवार, ११ ऑगस्ट

शिकवणं होऊ शकलं नाही, सोसायटीची मीटिंग होती. झालं ते उत्तमच झालं.

इथं तमिळ मुलखात, आमच्या पेरुंगुडीच्या सोसायटीत मराठी घरं अकरा. बहुतेक सगळी आयटीवाली, माझ्यासारखा खरा कारखान्यातला एकटा मी. शिवाय तुळजाजी राव. ते तंजावरचे मराठी, बँकेतून रिटायर झालेले, पूर्वज राजांबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. त्यांची मराठी ऐकली की बखर वाचल्यासारखं वाटतं, मध्येच फक्त तमिळ 'सरि, सरि' येतं, म्हणजे ठीक, ठीक. गणपतीची पूजा तेच सांगतात.

यंदा देखावा काय करायचा यावर चर्चा. गेल्या वर्षी बी ब्लॉकच्या रत्नाकरनं थर्मोकोलचा कैलास केला होता, तो आरतीच्या मध्यात मोदकांवर कोसळला. मी उठून सांगितलं, यंदा वैज्ञानिक जिवंत देखावा. 'संकेतापासून प्रथिनापर्यंत'. आपण सगळे पेशीचे भाग व्हायचं आणि लोकांच्या डोळ्यांसमोर प्रोटीन बनवायचं.

सभा मंत्रमुग्ध झाली. बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग तुळजाजी म्हणाले, उत्तम, आणि ठराव एकमतानं पास. कुणीतरी विचारलं, खायला काय असणार.

आता एका दगडात दोन पक्षी. देखावाही होईल, आणि रेवाला तो धडा आयुष्यात विसरता येणार नाही.

रविवार, १२ ऑगस्ट

रेवाला सांगितलं. तिनं विचारलं, सगळ्यांसमोर? मी म्हटलं, सगळ्यांसमोर, आणि तुझ्या कनका टीचरना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावणार आहे. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भारावली असावी.

बुधवार, १५ ऑगस्ट. दुपारी

सुट्टी. डिझाइन फायनल केलं.

एमआरएनए म्हणजे बुशांची माळ. रिजेक्ट बुश चार रंगांत रंगवायचे. ए लाल, यू पिवळा, जी हिरवा, सी निळा. साठ बुश ओवायचे, म्हणजे तीन-तीनचे वीस गट. शेवटचा गट पिवळा-लाल-लाल, म्हणजे थांबा. रायबोसोम मी स्वतः. मी माळ तीन-तीन बुश पुढे ओढणार आणि माइकवर रंग पुकारणार. सोसायटीच्या बायका टीआरएनए. प्रत्येकीच्या गळ्यात तीन रंगांचं कार्ड. जिचे रंग पुकारले तिनं यायचं आणि अमायनो ॲसिड म्हणून एक ब्लाउजपीस साखळीला बांधायचं. हळदीकुंकवाची ब्लाउजपिसं प्रत्येक घरात पडून असतात, ह्या घरातून त्या घरात फिरत असतात, त्यांचं एकदाचं काहीतरी होईल. एकोणीस ब्लाउजपिसांचं प्रोटीन तयार झालं की तेच गणपतीला तोरण! ह्याला म्हणतात सिस्टिम.

आणि काय सांगू, रेवा आपण होऊन दारात आली! ड्रॉइंग बघितलं. म्हणाली, बाबा, रायबोसोम पहिल्या अक्षरापासून वाचायला लागत नाही. एमआरएनएच्या सुरुवातीला थोडी अक्षरं अशीच असतात, त्यांचा पार्ट बनत नाही. रायबोसोम आधी 'एयूजी' शोधतो, तुमच्या भाषेत लाल-पिवळा-हिरवा. ते सापडलं की तिथून तीन-तीन मोजतो. तुम्ही तो शोध ठेवलेलाच नाही.

मी तिला प्रेमानं समजावलं. म्हटलं, हे बघ, आपण माळ अशी ओवतोय की लाल-पिवळा-हिरवा बरोब्बर पहिलेच येतात. मग शोधायचं कशाला? आमच्या लाइनवर पहिला पीस कुठे आहे म्हणून कुणी कंदील घेऊन हिंडत नाही. पहिला तो पहिला. निसर्गाला क्वालिटी मॅनेजर नव्हता म्हणून त्यानं असल्या जादा स्टेप ठेवल्या. मी ती वाचवली.

तिनं ड्रॉइंग परत माझ्या हातात दिलं. गेली. पटलं तिला.

फार बरं वाटलं आज. किती दिवसांनी असं समोरासमोर उभं राहून बोललो.

मंगळवार, २१ ऑगस्ट

सुब्बा, माझा लाइन सुपरवायझर, ह्याला साठ रिजेक्ट बुश बाजूला काढायला सांगितले. तो म्हणाला, पुरुषोत्तमन सार, साठच? ह्या महिन्यात एवढे आहेत की कोवलमच्या किनाऱ्यापर्यंत माळ जाईल.

रिजेक्शन थोडं वाढलंय. हवामानाचा परिणाम. देखावा संपला की स्वतः लक्ष घालीन.

शनिवार, २५ ऑगस्ट

पहिली तालीम. रत्नाकरच्या बायकोला, महालक्ष्मीला, एकच शंका होती: ब्लाउजपीस परत मिळणार का. चंद्रिका वहिनींनी विचारलं, मी प्रोटीन की मी हमाल? हमाल म्हटल्यावर त्या निघाल्याच होत्या. वाहतूक-अधिकारी म्हटल्यावर थांबल्या.

रेवानं लांबून सांगितलं की टीआरएनएवरचे रंग माळेच्या रंगांचे जोडीदार असतात, तेच रंग नसतात. मी म्हटलं, तेच ठेवू, लोक गोंधळतील. तालमीला सगळे गोंधळलेलेच होते, तेव्हा माझा निर्णय किती बरोबर होता ते दिसलं.

धड्याची आता फक्त चार पानं राहिली आहेत.

रविवार, २ सप्टेंबर

रायबोसोम तयार! खालचा छोटा भाग वॉशिंग मशीनच्या खोक्याचा, वरचा मोठा फ्रीजच्या खोक्याचा. मी आत उभा. हातांना दोन भोकं, माइकसाठी तोंडासमोर एक फट, बघायला वर एक बारीक खिडकी. बाहेरून टेपनं सील. पुस्तकात तसंच आहे, थांबा आल्याशिवाय दोन भाग वेगळे होत नाहीत.

थांबा आल्यावर जो येऊन सगळं मोकळं करतो तो रिलीज फॅक्टर. ते काम देविकाकडे. तिला कात्री दिली आणि लेखी वर्क इन्स्ट्रक्शन दिलं: पिवळा-लाल-लाल पुकारल्याशिवाय कात्री लावू नये, आतून कितीही आरडाओरडा झाला तरी. तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, सही पण करते की. आणि केली. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या सूचना इतक्या गंभीरपणे तिनं प्रथमच घेतल्या.

शनिवार, ८ सप्टेंबर

रंगीत तालीम. एकही चूक नाही! कुणी कार्डाकडे बघतसुद्धा नव्हतं. कुणानंतर कोण ते सगळ्यांना पाठ झालं आहे. मी रंग पुकारायच्या आधीच बायका उठतात. असली टीम जपानातही नसेल.

रेवा म्हणाली, बाबा, पण ते तर कोड वाचतच नाहीयेत. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

कनका टीचरना आमंत्रण देऊन आलो. पन्नाशीच्या आहेत, कडक कॉटनची साडी, बोलणं मोजकं. मी रायबोसोमबद्दल पंधरा-वीस मिनिटं त्यांना माहिती दिली. त्या फक्त म्हणाल्या, नक्की येईन, हे बघायलाच हवं.

शुक्रवार, १४ सप्टेंबर. संध्याकाळी

माळ हॉलमध्ये टांगली. फायनल इन्स्पेक्शन स्वतः केलं. साठ. रंग बरोबर. पहिले तीन लाल-पिवळा-हिरवा. टॅग लावला, ओके, सही, तारीख. एकदा ओके केलेला माल पुन्हा मोजायचा नसतो, तो आपल्याच सहीवर अविश्वास.

उद्या ह्या वेळेपर्यंत रेवाच्या डोळ्यांत मी पुन्हा तो जुना बाबा झालेला असेन. झोप येत नाहीये.

शनिवार, १५ सप्टेंबर. गणेश चतुर्थी. दुपारी ३.३०

आत्ताच आंघोळ केली. टेपचा चिकटपणा निघत नाही.

दुपारी ४.००

लिहूनच टाकतो.

पूजा वेळेवर झाली. तुळजाजींनी मंत्र खणखणीत म्हटले. हॉल भरलेला, खालच्या मजल्यावरची तमिळ मंडळीसुद्धा आली होती. पहिल्या रांगेत कनका टीचर आणि त्यांच्या ट्यूशनची सगळी बॅच. रेवा खांबामागे. देविकानं मला सील केलं. मी माइक ऑन केला.

माळेचे पहिले तीन बुश ओढले. लाल, लाल, पिवळा.

इथं लाल-पिवळा-हिरवा यायला हवे होते. मला वाटलं, दिव्यांचा परिणाम. दमदार आवाजात जे दिसलं ते पुकारलं. लाल-लाल-पिवळा हे कार्ड महालक्ष्मीचं. तिची पाळी शेवटच्या चारात. सवयीनं उठल्या होत्या चंद्रिका वहिनी. दोघी एकदमच आल्या. महालक्ष्मी म्हणाली माझे रंग, वहिनी म्हणाल्या माझी पाळी. मी आतून ओरडलो, कार्ड बघा, कार्ड! तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी स्वतःची कार्डं बघितली.

पुढचे तीन ओढले, भलतेच. त्यापुढचे तीन, त्या रंगांचं कार्डच कुणाकडे नाही. मी तीनदा पुकारलं. कुणीतरी या, कुणीही या! मागून वॉचमन आला आणि त्यानं आपला रुमाल बांधला. मग काय झालं देव जाणे, पण महालक्ष्मीचे रंग परत परत यायला लागले. तिची ब्लाउजपिसं संपली. ती धावत घरी गेली आणि चांगली कांजीवरमची पिसं घेऊन आली. बांधताना रडवेली झाली होती, ते खिडकीतून दिसलं. मी थांबू शकलो नाही. रायबोसोम थांबत नाही, हे मीच सगळ्यांना पढवलं होतं.

शेवटी माळ संपत आली. पिवळा-लाल-लाल येईल आणि सुटेन, एवढीच आशा. शेवटचे तीन: निळा, पिवळा, लाल. आणि मग हातात एकच बुश उरला. लाल. एकटा.

थांबा आलाच नाही.

मी म्हटलं, देविका, काप. ती म्हणाली, पिवळा-लाल-लाल झालं का? मी म्हटलं, नाही, पण काप. ती म्हणाली, मग नाही. मी जरा मोठ्यानं म्हटलं. ती म्हणाली, आरडाओरडा झाला तरी नाही असं लेखी आहे. लोक टाळ्या पिटायला लागले. आत भट्टी झाली होती.

तेवढ्यात आरतीचा मुहूर्त झाला. तुळजाजी मुहूर्ताच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. संपूर्ण आरती मी खोक्यात उभा राहून केली. भोकांतून हात बाहेर होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. न वाजवणं बरं दिसलं नसतं. प्रसाद कुणीतरी माइकच्या फटीतून भरवला.

नंतर कनका टीचरनी माइक घेतला आणि तमिळमध्ये काही सांगितलं, खोक्यात ते नीट ऐकू आलं नाही. हॉलभर टाळ्या. मला वाटलं, चला, विज्ञान पोचलं तरी.

शेवटी टेप कापल्याचा आवाज आला. वरचा भाग उचलला गेला. समोर रेवा. कात्री तिच्या हातात. म्हणाली, बाबा, हळू, मान वाकवा. एवढंच. घरी येईपर्यंत माझा हात धरून होती, मला घेरी येईल म्हणून. घेरी वगैरे काही येत नव्हती. पण सांगितलं नाही.

रविवार, १६ सप्टेंबर

दुसरा कुणी असता तर रडत बसला असता. मी रूट कॉज ॲनालिसिस केलं. पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ सापडतं.

थांबा का आला नाही? कारण गट चुकले. गट का चुकले? कारण माळेत साठच्या जागी एकसष्ट बुश निघाले, आता मोजले. एकसष्ट का? कारण कुणीतरी सुरुवातीला एक लाल बुश जादा ओवला. त्याला कुंकूसुद्धा लावलंय. कुणी?

तुळजाजींच्या घरी गेलो. ते हसत म्हणाले, मीच. सकाळी माळ पाहिली, किती म्हणून रत्नाकरास विचारलें, साठ म्हणाला. शुभकार्यांत शून्य ठेवूं नये, पन्नास द्यावयाचे तर एक्कावन्न देतात, म्हणून एक अधिक घातलें, देवाजवळच्या टोकास, रंगवून उरलेल्यांतला, लाल रंगाचा. सरि ना?

काय बोलणार! पाकिटात शंभराला एक रुपया जोडल्याशिवाय मी स्वतः कुठल्या लग्नाला गेलेलो नाही. मोठ्या मनानं त्यांना माफ केलं. त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्यांनी केसरी, म्हणजे इकडचा शिरा, खायला घातली.

घरी येऊन लिहिलं: मूळ कारण, तुळजाजी. देविकानं वाचलं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग रेवानं वाचलं. तिनं विचारलं, बाबा, पाचवा 'का' राहिला. पुढे एक बुश जादा आल्यानं सगळं का बिघडलं?

मी म्हटलं, अर्थात, सगळे गट एकानं सरकले.

ती म्हणाली, का सरकले? तुळजाजी आजोबांनी पुढे एक काय, अकरा बुश घातले असते तरी पेशीला काही झालं नसतं. तिनं आधी लाल-पिवळा-हिरवा शोधलं असतं आणि तिथून मोजलं असतं. शून्य टाळायला कुणी काय घातलं, तिला फरक पडत नाही. म्हणून तर ती स्टेप आहे.

पाचवा 'का' लिहायची गरज वाटत नाही. फॉर्मवर जागाही कमी आहे.

बुधवार, १९ सप्टेंबर

विसर्जन कोवलमला. अर्धा दिवस रजा टाकली. सोसायटीची बस केली होती. कोळ्यांनी आपल्या बोटीतून मूर्ती आत नेली. किनाऱ्यावर पोरं 'लाल, लाल, पिवळा' ओरडत एकमेकांमागे पळत होती. नवा खेळ काढलाय म्हणे. शेवटी एकजण खोकं होतो आणि त्याला कुणी सोडवायचं नाही.

परत येताना बसमध्ये रेवा खिडकीशी होती, शेजारी बसलो. कनका टीचर माइकवर काय म्हणाल्या होत्या ते आज विचारलं. ती टाळत होती. मग सांगितलं. टीचर म्हणाल्या, की एक अक्षर जादा पडलं आणि वाचणाऱ्याची चौकट सरकली की त्याला फ्रेमशिफ्ट म्हणतात, आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत ह्याचं इतकं सुंदर प्रात्यक्षिक त्यांनी पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, थांबा सापडला नाही की खरा रायबोसोमपण असाच अडकतो, बाबा. पेशीत त्याला सोडवणारे वेगळे असतात. सिलॅबसमध्ये नाही ते.

मग एकदम विचारलंच तिला. मला का नाही विचारलंस, ट्यूशन लावायच्या आधी? ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, तुम्हाला विचारलं की तुम्ही लगेच सांगायला लागता. मला काय येत नाहीये ते आधी ऐकतच नाही. गणितातपण तसंच करायचात. तेव्हा मी लहान होते.

तिरुवान्मियूरपर्यंत मी दुकानांच्या पाट्या मोजल्या. मला फार लागलं ते. तिचं डोकं नंतर माझ्या खांद्यावर आलं होतं, पण झोपेत.

शनिवार, २९ सप्टेंबर

फॅक्टरीत कस्टमरचं ऑडिट झालं. रिजेक्शनबद्दल विचारलं. हवामान म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं नाही. सोमवारपासून लाइनवर सुब्बाच्या शेजारी उभं राहायचं ठरवलंय. नुसतं बघायला.

संध्याकाळी रेवा ट्यूशनहून आली, परीक्षेचे पेपर घेऊन. ह्या धड्यात पैकीच्या पैकी! मी म्हटलं, बघितलंस? देखाव्याचा उपयोग झाला की नाही? ती म्हणाली, झाला. प्रश्न होता, फ्रेमशिफ्ट म्हणजे काय, उदाहरण द्या. बॅचमधल्या सगळ्यांनी एकच उदाहरण दिलं. एका मुलानं आकृती काढली, खोक्यातून बाहेर आलेले दोन हात. त्याला टीचरनी अर्धा मार्क जादा दिला.

म्हणजे पेरुंगुडीची अख्खी बॅच माझ्यामुळे पास झाली. असंही बघता येईल.

मग ती म्हणाली, टीचरनी एक निरोप दिलाय. तुझ्या वडिलांना इतकी आवड आहे तर पुढच्या शनिवारपासून चार वाजता येऊन बसायला सांग, फी नको, मागच्या बाकावर. मला वाटलं थट्टा आहे. रेवा म्हणाली, थट्टा नाही, या. पण तिच्या अटी आहेत. तिच्या शेजारी बसायचं नाही. टीचरना मध्येच काही समजावून सांगायचं नाही. आणि कुणी विचारलं तर मी तिचा बाबा नाही.

शेवटची अट निरर्थक आहे, मला सगळी बॅच खोक्यासकट ओळखते. पण मान्य केलं.

शनिवार, ६ ऑक्टोबर

ट्यूशनला गेलो. पोरं वळून वळून बघत होती. टीचरनी विचारलं, रायबोसोम पहिल्यांदा काय करतो? हात वर केला. टीचरनी माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्याला विचारलं. तासभर एक शब्द बोललो नाही. फार अवघड आहे ते. मग टीचरनी सगळ्यांना तीन ओळींचा एक कोड दिला, वाचून पार्ट लिहा म्हणून. मीही लिहिले.

सुटताना रेवा मागच्या बाकापाशी आली. माझी वही ओढून घेतली, उभ्या उभ्या लाल पेननं तपासली. सुरुवात बरोबर शोधलीत म्हणाली. पुढचं सगळं चुकलंय, दाखवते घरी.

दहापैकी चार दिलेत. देविकाला सहा सांगितले.